उर्जाच्या दारातलं जाळं

१

दारावर केरवोखंची पाटी लटकली की माझं डोकं उठतं. जर्मनीत बॉबलिंगेनला राहायला आलो तेव्हा अनुजनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, भाडं, हीटिंग, पार्किंग सगळं नीट समजावून सांगितलं होतं. ही भानगड तेवढी सांगितली नव्हती. इमारतीतल्या घरांनी आळीपाळीनं आठवडाभर जिना झाडायचा, पुसायचा, खिडक्यांच्या कडा टिपायच्या आणि शनिवारी ती लाकडी पाटी शेजारच्या दारावर नेऊन अडकवायची. नावातच केर आहे, आणखी काय सांगू! पुण्यात मी कधी केरसुणी हातात धरली नाही. इथे इंजिनिअरिंगची पदवी घेऊन जिने पुसतेय.

त्यात भर म्हणजे खालच्या मजल्यावरच्या फ्राउ हेबर्ले. सत्तरी उलटलेली बाई, कान तिखट आणि नजर त्याहून तिखट. मी पुसून वर आले की ही कठड्यावरून बोट फिरवून बघणार.

तो ऑक्टोबर होता. फुटबॉलचा वर्ल्डकप संपून तीन महिने झाले तरी माझ्या लेकीच्या, उर्जाच्या, खिडकीतला जर्मनीचा झेंडा तसाच होता. पाटी आमच्या दारावर आली आणि दुसऱ्याच सकाळी बेल वाजली.

"फ्राउ सामंत, श्पिने!" कोळी. फ्राउ हेबर्लेंनी जिन्यातल्या खिडकीकडे बोट केलं. कोपऱ्यात एक गोल, मोठं, रेखून काढल्यासारखं जाळं होतं. त्याच्या दोऱ्यांवर कापसाचे कण चिकटवल्यासारखे पांढरे ठिपके. मध्यभागी तो बसला होता. पाठ गुंजेसारखी लाल, चकचकीत, कडक, आणि तिच्यातून म्हशीच्या शिंगांसारखी दोन लांब, वाकडी शिंगं बाहेर आलेली. शिंगं अंगापेक्षा लांब.

"असला कोळी आमच्याकडे नसतो," त्या म्हणाल्या.

म्हणजे आता कोळ्याचा व्हिसाही मीच बघायचा! मी "जा, जा" म्हणत जाळं केरसुणीवर गुंडाळलं. कोळी कुठे गेला ते दिसलं नाही. बघायला वेळही नव्हता, दूध गॅसवर होतं.

२

कोळी कुठून आला ते मला ठाऊक होतं. माझ्या सासूबाई देवरुखहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या आणि येताना कढीपत्त्याचं रोप ओल्या फडक्यात गुंडाळून, साड्यांच्या मधोमध ठेवून घेऊन आल्या होत्या. विमानतळावर पकडलं असतं तर काय झालं असतं, हा विचार त्यांना शिवलाही नव्हता. रोप उर्जाच्या खोलीत ठेवलं, कारण घरातली एकमेव उबदार खिडकी तिथे होती.

"आमच्या बागेत असले शिंगवाले ढिगानं असतात," सासूबाई म्हणाल्या. "काही करत नाहीत. आपल्याकडचंच एक आलंय सोबतीला. राहू दे बिचाऱ्याला."

उर्जा आमची पाच वर्षांची. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. इथली पोरं आईला म्हणतात तसं मला "मामा" म्हणायची. सासूबाई विमानतळावर उतरल्या, हिला जवळ घ्यायला वाकल्या, तर ही माझ्यामागे लपून विचारते, "मामा, वेअर इस्ट दास?" ही कोण? सासूबाईंनी तिथेच डोळ्याला पदर लावला.

"आईला मामा आणि आजीला ही कोण! कपाळ माझं."

पुढे दीड महिना हेच पुराण. शेवटी एका रात्री जेवताना त्यांनी फर्मान काढलं, "आता ठरवून टाकू या. पोरीनं जर्मनमध्ये हाक मारली की ओ द्यायची नाही. कोणीच नाही. चार दिवसांत सुतासारखी सरळ येईल. यशवंतभावजींच्या नातवाला अमेरिकेत असंच वळवलं."

अनुज मोबाइलवर ऑफिसचे मेल बघत म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर. चांगली आयडिया आहे." त्याचं काय जातं? तो सकाळी साडेसहाला जिंडेलफिंगेनच्या ऑफिसात गेलेला असतो. ओ न द्यायचं काम माझ्यावर.

आणि मी हो म्हटलं. टोमणे ऐकून माझेही कान किटले होते. गंमत बघा, माझी स्वतःची जर्मनची परीक्षा तोंडावर होती, क्रियापदं पाठ करून जीव जात होता, आणि घरात जी पोर झोपेतसुद्धा बिनचूक जर्मन बोलते तिला मी गप्प करायला निघाले होते.

उर्जाची एक सवय होती. सकाळी जाग आली तरी ती आपणहून उठायची नाही. खोलीतून हाक मारायची, "मामा, कोम माल!" ये ना इकडे. मग मी जायचं, ती माझा हात नाही, अंगठा धरायची. तान्ही होती तेव्हापासून अंगठाच धरते. तसं अंगठा धरून स्वयंपाकघरात यायची.

ठरल्यानंतरच्या सकाळी हाक आली. मी ओट्याशी उभी. सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. परत हाक आली. मग जरा रडका सूर. मी पोळी लाटत राहिले. बऱ्याच वेळानं ती आपणच आली, नाक ओढत, माझ्याकडे न बघता खुर्चीवर बसली आणि मराठीतही बोलली नाही, जर्मनमध्येही नाही.

"येतेय वळणावर," सासूबाई म्हणाल्या.

३

जिन्यातलं जाळं काढून टाकलं म्हणून मी सुटले असं वाटलं होतं. कसलं काय! दोन दिवसांनी उर्जाच्या कपड्यांची टोपली घ्यायला गेले, तर तिच्या खोलीच्या दारात थेट तोंडावर जाळं. नाकात, पापण्यांवर, केसांत. मी इतक्या जोरात किंचाळले की सासूबाई जपमाळ टाकून धावत आल्या.

उर्जाला दार लावलेलं चालत नाही, त्यामुळे ते सताड उघडं असतं. चौकटीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, वरपासून पार उंबऱ्यापर्यंत जाळं विणलेलं होतं. खोलीत झोपलेल्या पोरीला कोंडून घातल्यासारखं.

मी ते झाडलं. दुसऱ्या दिवशी परत होतं. मी तो कोळी काचेच्या ग्लासात धरला, वर पोस्टकार्ड लावलं आणि बाल्कनीतून खाली सोडून दिला. बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती. तिसऱ्या दिवशी जाळं होतंच, आणि मधोमध तीच लाल पाठ, तीच शिंगं.

"दुसरा असेल," अनुज म्हणाला. "अंडी घातली असतील कुंडीत. नीलू, तू ना, कोळ्याचासुद्धा इश्यू करतेस."

"मग तू झाड की रोज!"

"माझ्या प्रोजेक्टचं गो-लाइव्ह आहे गं."

त्यात समोरचे शेजारी सुट्टीवर मायोर्काला गेले आणि त्यांच्या आठवड्याची पाटीही माझ्याच गळ्यात पडली. बाहेर जिना, आत जाळं. त्यात उर्जाच्या खिडकीच्या रोलाडेनचा पट्टा अडकला. बाहेरची ती जाड पडदी अर्ध्याहून खाली येऊन बसली ती वर जाईना. घरमालकाला फोन केला, तो म्हणाला पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो. जर्मन पुढचा आठवडा आपल्या पुढच्या वर्षासारखा असतो. तोवर खोलीत दिवसाही अंधार.

रोज सकाळी त्या अंधारातून हाक येत होती. आम्ही ठरल्याप्रमाणे ओ देत नव्हतो.

४

मग तो शुक्रवार उजाडला. मी आंघोळ करून स्वयंपाकघरात आले तर उर्जा टेबलाशी बसली होती. केस विस्कटलेले, पाय जुळवून खुर्चीवर वर घेतलेले.

"आई," ती म्हणाली, "मला गरम पोळी देतेस? तूप लावून."

माझ्या हातातून टॉवेल गळून पडला. उच्चार स्वच्छ, तूप-साखरेसारखा. सासूबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "बाय माझी! काय म्हणालीस? पुन्हा म्हण."

"आजी, तू रडतेस कशाला? मला दोन वेण्या घालून दे ना."

सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी तिची दृष्ट काढली. धुरानं अलार्म वाजला, तो मी स्टुलावर चढून बंद केला. ऑफिसात फोन करून अनुजला ऐकवलं. पुण्यात माझ्या आईला ऐकवलं. आईनं विचारलं, "काय जादू केलीस गं?" आणि मी फुशारकीनं सांगितलं की जरा कडक राहिलं की जमतं. खरं सांगते, इतका आनंद मला त्या देशात कधी झाला नव्हता. सासूबाईंनी तिच्या केसांना तेल चोपडून दोन घट्ट वेण्या घातल्या, लाल रिबिनी लावून वर वळवून बांधल्या.

नंतर मी तिचा बिछाना आवरायला गेले.

दारात जाळं होतं. अख्खं. एक धागा तुटलेला नव्हता. उंबऱ्याशी बोटभरही फट नव्हती.

मी तिथे उभी राहिले आणि विचार करू लागले. पोर बाहेर आली, त्यानंतर कोळ्यानं विणलं असेल. सोपं आहे. पण अनुज गेला साडेसहाला, तेव्हा मी उठले आणि पॅसेजमधला दिवा लावला. तेव्हाच डोळ्याच्या कोपऱ्यातून ते पांढरे ठिपके दिसले होते की नव्हते? दिसले असावेत. मग मी आंघोळीला गेले. झोपेतल्या माणसाच्या आठवणीला काय अर्थ आहे?

जाळ्यातून आत बघितलं. अंधारात पलंगावर पांघरुणाचा उंचवटा होता. नेहमीसारखं गोळा करून टाकलेलं.

केरसुणी आणायला वळले तेवढ्यात फोन वाजला. अनिमेष होता. नागपूरचा मुलगा, ट्युबिंगेनला कोळ्यांवरच पीएच.डी. करतो, महिन्यातून एकदा घरचं जेवायला येतो. परवाच मी त्याच्याकडे ह्या कोळ्याचं गाऱ्हाणं गायलं होतं.

"वहिनी, ते जाळं मोडू नका! रविवारी येतोय, मला फोटो हवाय."

"अरे, माझ्या पोरीच्या दारात आहे ते!"

"दोनच दिवस. प्लीज."

उर्जा पॅसेजमध्ये उभी राहून ऐकत होती. "राहू दे आई," ती म्हणाली. "मी आजीजवळ झोपते." झालं. सासूबाईंना स्वर्ग दोन बोटं उरला.

५

रविवारी अनिमेष आला, बूट काढायच्या आधी कॅमेरा काढला. अर्धा तास दारासमोर ओणवा होऊन फोटो काढत होता. तोंडानं सारखं "वाऽ, वाऽ!"

"मादी आहे, वहिनी. नर एवढासा असतो, दिसतही नाही. ही आपल्याकडची, पार इंडोनेशियापर्यंत सापडते. उष्ण जंगलातली. ह्या थंडीत जगायलाच नको."

"तिला सांग तसं."

"आणि ही झाडांमध्ये विणते, उघड्यावर, उंच. घरात दाराच्या चौकटीत? असं कुठे वाचलं नाही मी." तो जरा थांबला. "आत उर्जा झोपलीय का?"

"नाही रे. पांघरूण आहे, आवरलेलं नाहीये. तूच मोडू देत नाहीस जाळं. उर्जा ही काय इथे."

उर्जा पॅसेजच्या टोकाला बसली होती. दोन दिवसांत तिनं ती जागा पकडली होती. तिथून घरातली सगळी दारं दिसतात. अनिमेष तिच्याशी नेहमी जर्मनमध्येच बोलायचा. त्यानं काहीतरी विचारलं, किंडरगार्टनबद्दल. ती त्याच्याकडे बघत राहिली. पाहुण्यांकडे बघून हसतात तशी हसली.

"दादा, मराठीत बोला ना," ती म्हणाली.

"बाप रे!" तो हसला. "आठवड्यात जर्मन विसरली?"

"नाटकं करते," मी म्हटलं. पण मला माझंच बोलणं आवडलं नाही. पाच वर्षांची पोर नाटक करताना डोळे मिचकावते, गालातल्या गालात हसते. हिच्या डोळ्यांत खरंच काही नव्हतं. वाक्य तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

जेवताना त्यानं माहिती सांगायला सुरुवात केली. हे पीएच.डी.वाले जेवतानाही सोडत नाहीत. जाळ्याला जरा धक्का लागला की कोळ्याला पायांतून कळतं म्हणे. भक्ष्य अडकलं की ती ते रेशमात गुंडाळते.

"आणि खाते," मी म्हटलं.

"लगेच नाही. भूक नसेल तर तसंच ठेवते. जिवंत असतं ते."

"अरे, वरणभात खा आता गपचूप!" सासूबाई ओरडल्या.

निघताना तो गयावया करायला लागला. शनिवारी डबा घेऊन येतो, तिला जिवंतच नेतो, तोवर हात लावू नका. मी कपाळाला हात लावला. पण खोली नाहीतरी वापरात नव्हती. कपड्यांचं कपाट आमच्या खोलीत, पोर आजीजवळ झोपते, कढीपत्त्याला थंडीत पाणी कमी लागतं असं सासूबाईंचं म्हणणं. ठीक आहे म्हटलं. नाहीतरी सगळ्यांचं ऐकायला मी बसलेलीच आहे.

६

पुढचा आठवडा सुखाचा जायला हवा होता. उर्जा दिवसभर मराठीत बोलायची. पसायदान म्हणायची, आजीबरोबर शेंगा सोलायची, ताटात टाकायची नाही. सासूबाई देवरुखला फोन करून करून सगळ्या गावाला सांगत होत्या.

मंगळवारी किंडरगार्टनच्या बाईंनी मला बाजूला घेतलं. "उर्जा बोलत नाही. मुलं हाक मारतात तर वळत नाही. भिंतीच्या कोपऱ्यात बसते, दिवसभर." पुढे घरी कोणती भाषा बोलता, मुलांचं इंटिग्रेशन, अमुक आणि तमुक. मी मनात म्हटलं, बोलली तरी ह्यांना त्रास आणि नाही बोलली तरी त्रास. तरातरा पोरीला घेऊन निघाले. रस्ता ओलांडताना तिनं माझा हात धरला. पूर्ण हात, पंजात पंजा घालून. मी काही क्षण तिच्या हाताकडे बघत राहिले.

"उर्जा, अंगठा नाही धरत हल्ली?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग पंजा सोडला आणि अंगठा धरला. "असा?" तिनं विचारलं.

बारीकसारीक गोष्टी खूप होत्या, पण प्रत्येकीला उत्तर होतं. बेल वाजायच्या आधी ती मान वर करायची. मुलांचे कान तिखट असतात. तिच्या पावलांचा आवाज यायचा नाही; लोकरीचे मोजे. झोपेत कूस बदलत नाही असं सासूबाई म्हणाल्या, दमत असेल. अनुजला सांगायला गेले तर त्यानं लॅपटॉपमधून मानही वर केली नाही. "आल्झो, म्हणजे आधी मराठी बोलत नाही म्हणून रडत होतीस, आता बोलते म्हणून रडतेस. तुला नक्की काय हवंय?"

मी भांडी आपटत घासली.

७

शनिवारी सकाळी अनुज ऑफिसला गेला होता. सासूबाई स्वयंपाकघरात रवा भाजत होत्या, घरभर तुपाचा वास होता. जिना पुसून झाला होता, पाटी शेजारच्या दारावर लावायची तेवढी बाकी होती. केरसुणी हातात होती तेवढ्यात बेल वाजली. फ्राउ हेबर्ले.

मी म्हटलं आता काय राहिलं? कठड्याखालची धूळ? पण त्यांनी कठड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चेहरा उतरला होता. मला समजावं म्हणून सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलल्या. माझी झोपायची खोली तुमच्या मुलीच्या खोलीच्या बरोबर खाली आहे. ती हाक मारते. आधी सकाळी मारायची, आता दिवसासुद्धा मारते. तुम्ही उत्तर का देत नाही?

मला हसू आलं. "ते जुनं झालं, फ्राउ हेबर्ले. आता ती आमच्या भाषेत बोलते. आजीजवळ झोपते."

"तुमची भाषा मला येत नाही," त्या म्हणाल्या. "मला जे कळतंय ते जर्मनच आहे. 'मामा, कोम माल.' आज सकाळीसुद्धा."

मी दार लावलं. दाराला पाठ टेकून उभी राहिले.

आज सकाळीसुद्धा. मीही ऐकली होती ती हाक. दूध तापवताना. काल पण, पोळ्या करताना. परवा पण. रोजच्यासारखी आली आणि रोजच्यासारखी मी ओ दिली नाही. इतकी सवय झाली होती की कान ऐकत होते आणि मन ऐकत नव्हतं. आणि तेव्हा, प्रत्येक वेळी, उर्जा माझ्यासमोर टेबलाशी बसून पोळी खात होती.

"देवा रे," मी म्हटलं. मग स्वतःलाच रागावले. नीलांबरी, वेडेपणा करू नकोस. हीटरच्या पाइपातून आवाज येतात. वरच्या मजल्यावर कुणाचं तरी पोर असेल. वरच्या मजल्यावर एकटा म्हातारा राहतो, हे मला पक्कं माहीत होतं.

मी त्या दाराशी गेले. जाळं तसंच होतं, ताठ. ती शिंगवाली मधोमध बसली होती. मी खाली वाकून जाळ्याच्या जवळ डोळे नेले. रोलाडेनच्या फटींतून उजेडाच्या बारीक रेघा आत येत होत्या. पलंगावर तो पांघरुणाचा उंचवटा. त्या पांघरुणावरही पांढरे ठिपके होते. पलंगापासून भिंतीपर्यंत, भिंतीपासून झेंड्यापर्यंत, सगळीकडे. उंचवटा हलला. अगदी थोडा, श्वास घेताना हलतो तेवढा.

"मामा?" आवाज बसलेला होता, कोरडा. "बिस्ट दू दा?"

आहेस का तू?

माझ्या तोंडापर्यंत ओ आली.

"आई, ओ देऊ नकोस."

माझ्यामागे उर्जा उभी होती. ती कधी आली ते कळलं नव्हतं. दोन वेण्या, लाल रिबिनी वर वळवलेल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, काही नव्हतं. समजावणीच्या सुरात बोलत होती, सासूबाई बोलतात तशी.

"ती जर्मन बोलतेय. ठरलंय ना आपलं?"

आत एकदम शांत झालं. मला वाटलं संपलं, आता हाक येणार नाही, मी उशीर केला. मी चौकट धरली. मग पांघरुणातून पुन्हा आवाज आला. खूप हळू. एकेक शब्द शोधून, जोडून, अडखळत.

"आई. मी बोलतो मराठी. आता येशील?"

"ओ!" मी ओरडले. "ओ गं माझ्या सोन्या! ओ! आले, आले मी!"

केरसुणी जाळ्यात घातली. एवढं नाजूक ते जाळं, पण हातानं जोर लावावा लागला. शिवण उसवल्यासारखा आवाज होत होत ते तुटलं. ते तोंडाला लागलं, केसांत गेलं, मला पर्वा नव्हती. मी अंधारात पलंगावर झेपावले आणि पांघरूण चाचपत हात घातला. दोरेच दोरे. मी ते ओरबाडले, शिव्या घालत ओरबाडले, आणि त्यांच्या खालून एक लहान, गार, चिकट हात वर आला आणि त्यानं माझा अंगठा धरला.

न विचारता, न सांगता. गच्च.

"धर, सोडू नकोस," मी म्हटलं. रडू थांबत नव्हतं. मी तिला ओढून छातीशी घ्यायला दुसरा हात पुढे केला. तो पुढे येईना. कुणीतरी मागून धरला होता. मी वळून बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. तिथेही अंगठाच धरला होता. त्यात आता काही चूक नव्हती.

स्वयंपाकघरातून कढईवर उलथनं आपटल्याचा आवाज आला.

"उर्जाऽऽ!" सासूबाईंनी हाक मारली. "ये गं बाय, शिरा गार होतोय!"

"ओऽऽ, आजी!"

दोन्हीकडून आली.